यंत्राला खोकला आला

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनात एकच विचारते — माणूस सगळ्यात जास्त कशाला भितो? भुताला? सापाला? वहिनी, सासूबाईंकडे बघू नका, उगाच! मी सांगू? "मला नाही कळलं" एवढं म्हणायला भितो. आणि त्याच्या भीतीपायी दुसरं कुणी अंधारात बसतं. ते पाप कुणाचं?

बोरखेडीच्या शाळेत हेमलताबाई दाणी ग्रंथपाल. भली बाई! त्याच शाळेत दहावीला तेजल — जन्मापासून अंध. डोकं मात्र असं, की गुरुजी उत्तर विसरले की तिच्याकडे तोंड करायचे! जिल्ह्याला प्रशिक्षण निघालं — कॉम्प्युटरकडून पुस्तक मोठ्याने वाचून कसं घ्यायचं. शाळेला जागा एकच. हेडमास्तरांनी बाईंना पाठवलं. निघताना तेजल म्हणाली, "बाई, नीट शिकून या हं. माझं पुढचं शिक्षण त्याच्यावर आहे."

तिकडे शेख सर झराझरा शिकवतायत — हे दाबा, ते उघडा — आणि विचारतायत, "मॅडम, कळलं ना?" आजूबाजूला लेकीच्या वयाच्या शिक्षिका. हसल्या तर? बाईंनी मान डोलावली. आणि एकदा डोलायला लागलेली मान थांबते का हो? हातात प्रमाणपत्र, डोक्यात धुकं!

सोमवारी बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. हे दाबलं — काही नाही. ते दाबलं — पडदा काळा! आणि तेवढ्यात व्हरांड्यात... टक्... टक्... टक्... तेजलची काठी! मंडळी, वाघ आला असता तरी बाई एवढ्या गारठल्या नसत्या!

"बाई, वाचतं का ते?"

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं काय? "हो तर! बस ना."

बाईंनी हळूच पुस्तक काढलं, नाक चिमटीत धरलं आणि पत्र्यासारख्या आवाजात सुरू — "धडा — पहिला!" हसताय? हसा! पण त्या बाईची धास्ती बघा. रोज मधल्या सुट्टीत दाराला आतून कडी. हेडमास्तरांची चप्पल वाजली की आवाज बंद. कुणी नुसती हाक मारली तरी दचकायच्या.

एक दिवस घशात खवखव. दाबली, दाबली, शेवटी — खॉ! खॉ!

बाईंनी पुस्तक मिटलं.

तेजल हळूच म्हणाली, "बाई, यंत्राला खोकला आला. कोमट पाणी द्या त्याला."

"तुला... केव्हा कळलं गं?"

"पहिल्याच दिवशी. यंत्राच्या बांगड्या वाजतात का?"

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"भीती वाटली. बोलले असते तर तुम्ही वाचायचं थांबवलं असतं." पोरीने काठी जवळ ओढली. "पण बाई, दहावी झाली की मी जिल्ह्याच्या कॉलेजात जाणार. तिथे माझ्यासाठी नाक दाबून कोण बसणार? मी एकटी काय करू?"

दोघी भ्यायलेल्या, मंडळी! एकाच टेबलाशी! आणि मधोमध ते यंत्र मुकं!

बाईंनी फोन उचलला. "शेख सर, दाणी बोलते. मला... मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं."

बाईंनी डोळे गच्च मिटले.

"मॅडम," सर म्हणाले, "सगळ्यांनी माना डोलावल्या ना, तेव्हाच मला धडकी भरली होती. फोन कानालाच ठेवा. पहिल्यापासून घेऊ."

बाई चुकल्या. परत विचारलं. परत चुकल्या! शेवटी तेजलचं बोट धरून कळ दाबली — आणि यंत्र बोललं! खरंखुरं!

तेजल बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, "बाई, तुमच्याइतकं चांगलं नाही वाचत. पण हे शिकले, की माझ्याबरोबर येईल."

बाईंनी पदर डोळ्याला लावला, मंडळी. तुम्हीही लावताय, दिसतंय मला. पण थांबा. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले "कळलं ना?" तुम्ही म्हणालात "हो". आणि घरी सासऱ्यांना कुठली गोळी कधी द्यायची ते पांडुरंगालाच ठाऊक! तुमच्या त्या एका "हो"च्या आधाराने कोण बसलंय, आठवा जरा.

आता सांगा, माझं बोलणं कुणाला नाही कळलं? हात वर करा.

एकही नाही?

बुवा, टाळ थांबवा. मंडळी, शेख सरांसारखी मलाही भीती वाटतेय. पुन्हा विचारते — आणि या खेपेला मान हलवायची नाही.