एक गोल कमी

मास्तर : ...आणि तेव्हा कुणी हेल्मेट घालत नव्हतं. हेही लिहितो, कप्तान.

कप्तान : लिही. माझे सहा दात पडले तेही लिही. म्हणजे झालो मी मोठा.

लेक : बाबा, चेष्टा पुरे. मास्तरकाका, तो कागद पुरा करा बघू. पाच वाजता कमिटीचा माणूस येईल न्यायला. डबल ड्युटी करून आलेय मी, बस चालवून चालवून कंबरेचे तुकडे पडलेत, पण तुमची सही बघितल्याशिवाय आडवी होणार नाही.

मास्तर : सहीच्या आधी चार ओळी लिहायच्यात. छापील प्रश्न आहे. ‘दोन काळांतला सर्वश्रेष्ठ आइस हॉकीपटू कोण, आणि का?’ त्याच्या खाली, ‘अधिकृत गुणलेखक या नात्याने गोलांची संख्या प्रमाणित करतो.’

कप्तान : कशाला करायची ती तुलना? चाळीस वर्षं हेच चाललंय. आधी माझ्या अगोदरच्या म्हाताऱ्याशी, मग त्या दोघा भावांशी, आता भिंगरीशी. भिंगरी परवा निवृत्त झाला, म्हटलं सुटला पोरगा एकदाचा. तर आता त्याच्याही मागे हा ताप.

लेक : ताप कसला? नव्या रिंकवर कुणाचं नाव लागणार ते ठरतंय. ज्याचे गोल जास्त, त्याचं नाव. तुमचे तीनशे बारा, भिंगरीचे तीनशे अकरा. सरळ गोष्ट आहे.

मास्तर : सरळ नसते गं. तुझ्या बाबांच्या वेळी समोरचा गोलकीपर सकाळी टपाल वाटून यायचा. तिसऱ्या सत्रात उभ्या उभ्या पेंगायचा. भिंगरीसमोरचे गोलकीपर गोल अडवण्याचाच पगार घेतात, दिवसभर दुसरं काम नाही त्यांना.

कप्तान : पण त्या टपालवाल्याच्या तोंडावर जाळी नसायची. रबराची टणक चकती अंगावर आली की बिचारा डोळे मिटायचा. डोळे मिटलेल्या माणसावर गोल करायला काय लागतं? हे नाही कुणी लिहीत.

लेक : तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात हो?

कप्तान : झोपेच्या.

लेक : अहो, तुमच्या स्टिका लाकडाच्या होत्या. बर्फाला मध्ये कुणी हात लावायचं नाही, चर पडायचे, चकती कुठेही उडायची. यांना प्रत्येक सत्राला आरशासारखा बर्फ करून मिळतो. भिंगरी कधी फाटक्या मोज्यांनी खेळलाय?

कप्तान : मग काय, मुद्दाम फाडायचे त्याने? मी बघितलाय त्याला टीव्हीवर. मागे न बघता पास देतो. मला तो पास स्वप्नातसुद्धा सुचला नसता. मी आपला मान खाली घालून घुसायचो. लोक बाजूला व्हायचे, कारण त्यांना वाटायचं मी वेडा आहे.

मास्तर : मी दोघांच्याही मॅचेस लिहिल्या. चव्वेचाळीस वर्षं त्या खिडकीत बसलो. खरं सांगू? मला नाही ठरवता येत. तो तुझ्या काळात आला असता तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्याचं नाक फोडलं असतं. आणि तू त्याच्या काळात आला असतास तर...

कप्तान : तर टपाल वाटलं असतं.

लेक : बास झालं. ठरवता येत नसेल तर नका ठरवू. आकडा घाला आणि सही करा. आकड्याला काळबीळ काही कळत नाही.

मास्तर : हं.

लेक : काय झालं काका? पेन चालत नाही का?

मास्तर : पेन चालतंय. हात चालत नाही.

कप्तान : काय रे? बरं वाटत नाही का तुला? तीन जिने चढून आलास, जरा टेक मागे.

मास्तर : कप्तान, तुझे तीनशे बारा नाहीत. तीनशे अकराच आहेत.

लेक : काय म्हणालात?

मास्तर : एक मी चुकीचा लिहिला. बंदरवाल्यांच्या विरुद्धची मॅच. ज्या गोलने तू आधीच्या म्हाताऱ्याचा विक्रम मोडलास, तोच. चकती तू मारलीस, पण जाळ्यात जाण्याआधी ती खांबच्या स्टिकला लागून वळली. ज्याला शेवटची लागेल त्याचा गोल, हा आपला नियम.

लेक : खांब म्हणजे ते उंच काका? मला खांद्यावर बसवायचे ते?

मास्तर : तेच. बचावाला असायचे. जागचे हलायचे नाहीत म्हणून खांब. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

लेक : मग तुम्हाला तेव्हा दिसलं नसेल. गडबडीत चुकतं माणूस.

मास्तर : दिसलं होतं गं. वर तो स्वतः खिडकीशी आला. हातमोजा काढून काचेवर टकटक केलं, म्हणाला, ‘मास्तर, माझ्या स्टिकला लागून गेला.’ सगळं स्टेडियम कप्तान, कप्तान करून ओरडत होतं. भोंग्यावर नाव पुकारून झालं होतं. मी म्हटलं, ‘आजचा दिवस जाऊ दे, उद्या दुरुस्त करतो.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला.

लेक : आणि उद्या?

मास्तर : उद्या पेपरात तुझ्या बाबांचा हा एवढा फोटो. परवा सत्कार. मग जिवावर आलं. त्याने परत कधी विषय काढला नाही. मीच त्याला टाळायला लागलो.

लेक : एवढी वर्षं गप्प बसलात ना? मग आणखी पाच मिनिटं गप्प बसलात तर काय जातं तुमचं? बरोबरी झाली तर भिंगरीचंच नाव लावणार ते, त्यांना तेच हवंय. यांना काय मिळालं हो या खेळातून? दोन्ही गुडघे गेले, एक डोळा अधू. चार महिन्यांत हा माणूस जिना उतरलेला नाही. माझ्या लहानपणी एकाही वाढदिवसाला घरी नव्हता. निदान नाव तरी लागू दे. माझी बस तिथूनच जाते काका. मला रोज दिसलं असतं ते.

मास्तर : मला का वाटत नाही लागावं म्हणून? म्हणून तर तासभर हेल्मेट आणि टपाल करत बसलोय.

लेक : बाबा, तुम्ही सांगा ना यांना! तुम्हाला तर यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं.

कप्तान : माहीत होतं.

लेक : काय माहीत होतं?

कप्तान : मी मारली ती बाहेर चालली होती. चांगली हातभर बाहेर. मारणाऱ्याला कळतं ते. मग ती वळली. मी वर बघितलं तर खांब हसत होता. मला वाटलं, मास्तर लिहील बरोबर. तर नाव माझं पुकारलं. आणि त्यानेच मला खांद्यावर घेतलं.

मास्तर : मग बोलला का नाहीस?

कप्तान : तू विचारलं नाहीस. मी वाट बघत होतो रे, कुणीतरी विचारील म्हणून. नाही विचारलं कुणी. तिशीचा होतो, हजारो लोक माझं नाव घेत होते. नाही सोडवलं मला.

लेक : म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून...

कप्तान : दोघांनी मिळून. मास्तर, खांबचे सगळे मिळून किती?

मास्तर : सामने पाचशे चाळीस.

कप्तान : सामने नाही विचारले.

मास्तर : शून्य. अकरा वर्षांत एकही नाही. नावापुढे नुसती रेघ आहे.

लेक : एकही नाही?

कप्तान : त्याचं ते कामच नव्हतं. माझ्या अंगावर येणाऱ्यांना तो अंगावर घ्यायचा. माझे निम्मे गोल त्याच्या बरगड्यांवर झालेत. भिंगरीचाही असेल असा कुणीतरी. तुला माहितेय त्याचं नाव?

लेक : नाही.

कप्तान : मलाही नाही. आणि आम्ही निघालो सर्वश्रेष्ठ ठरवायला.

मास्तर : मग काय लिहू?

कप्तान : माझे तीनशे अकरा लिही. खाली खांबचा एक. पूर्ण नावाने लिही, नुसतं खांब नको.

लेक : बाबा, रिंकवरचं नाव जाईल.

कप्तान : जाईल. तुझ्यासाठी वाईट वाटतंय गं, खरंच वाटतंय. रागव माझ्यावर, हक्क आहे तुझा. पण तो एक गोल सांभाळून सांभाळून दमलो मी. दे, फोन दे इकडे.

लेक : कुणाला करताय?

कप्तान : खांबच्या घरी. उद्या छापून येईल. वहिनींना पेपर वाचून कळायला नको.

लेक : थांबा, तुम्हाला दिसायचं नाही ते. मी लावते. काका, नंबर सांगा.

(फोन लागतो.)

कप्तान : वहिनी, कप्तान बोलतोय. हो हो, आहे अजून! बसला आहात ना? नाही, वाईट बातमी नाही. तुमच्या ह्यांचा एक गोल आमच्याकडे राहिला होता. ...हो, बंदरवाल्यांच्या मॅचचा. ...तुम्हाला कसं ठाऊक? ...अस्सं. ...हो. ...नाही वहिनी, मास्तर नाही, मीच चुकलो. तोही बसलाय इथे. ...बरं. ठेवतो.

मास्तर : काय म्हणाल्या?

लेक : रागावल्या का?

कप्तान : नाही. त्या रात्री घरी येऊन त्याने जेवणाच्या टेबलावर चमच्याने करून दाखवला म्हणे, तीन-तीनदा. आणि मास्तर दुरुस्त करणार आहे म्हणून सकाळी उजाडायच्या आत पेपर आणायला गेला होता.