चारशे बारा अलर्ट आणि आमचे सर

समारंभाच्या अध्यक्ष संचालक मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे सर, इतकी वर्षं त्यांना आमच्या हवाली करणाऱ्या काकू, आणि मित्रमैत्रिणींनो,

मला बोलायला उभं केलं, ही आयोजकांची हिंमत. माझं डोकं किती लवकर तापतं, हे इथे कोणाला सांगायला हवं का?

सर्व्हर विभागात आलो तेव्हा कॉलेज अर्धवट सोडलेलं. सरांनी ड्युटीचा फोन हातात दिला. कुठे काही बिघडलं की त्यावर अलर्ट येतो. त्या सकाळी मात्र माझं लक्ष स्वतःच्या फोनकडे. एका व्यक्तीला मनातलं लिहून पाठवलं होतं. (मागची रांग, हसू नका. ती व्यक्ती सभागृहात आहे.) ड्युटीचा फोन सारखा किणकिणत होता. वैतागून मी त्याचा आवाज बंद केला. तासाभरात सर्व्हरची डिस्क भरली, आपल्या सर्व्हरवर चालणारी तीन दवाखान्यांची नोंदणी ठप्प. चाळीस मिनिटं पेशंट ताटकळले.

मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही म्हणाला होतात, "डिग्री नसलेल्याला बसवलं की हेच होणार. काढा त्याला." मीही तिरीमिरीत राजीनामा खरडला.

सरांनी तो वाचलाच नाही.

"आज अलर्ट किती आले?"

"चारशे बारा."

"खरंच काही करायला हवं होतं, असे किती?"

मी मोजले. "तीन."

"म्हणजे चारशे नऊ वेळा दुर्लक्ष केलंस ते बरोबरच. ती सवय आम्हीच लावली, बाबा. आता यादी घेऊन बस. वाजल्यावर काय करायचं हे ज्याच्यापुढे लिहिता येणार नाही, तो अलर्ट काढून टाक. आणि आधी दवाखान्यांना फोन कर. माफी माग, कारणं सांगू नकोस."

मॅडमना त्यांनी लिहून दिलं: मुलगा राहील, अलर्ट जातील. दीड महिना आम्ही छाटणी करत बसलो. आता दिवसाला पाच-सहा वाजतात, आणि वाजला की मी भरल्या ताटावरून उठतो.

त्या व्यक्तीचं उत्तर? 'विचार करते,' एवढंच. सर म्हणाले, "नाही म्हणाली नाही ना? मग डोकं थंड ठेव."

काल मॅडमनी बोलावलं. वाटलं, सरांपाठोपाठ आपलीही पाठवणी. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून पहिला अलर्ट तुझ्याकडे. सरांच्या जागी विभाग तू सांभाळ."

सर, तुम्ही आता निवांत राहा. इथे बिघाड होतीलच. पण ते तुमच्या कानावर येतील, तेव्हा दुरुस्त झालेले असतील.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल तर लहान समजून पोटात घाला. मॅडम, तुम्ही विशेष.