जिन्यावरचा बाप

—अकरा वेळा! व्हय की, खोटं कशाला सांगू तुमाला, अकरा महिन्यांची पोरगी अन् अकरा वेळा आजारी. तुमचं कितीचं? दोन महिन्यांचं. अन् पयल्यांदाच ताप आलाय. मग कसं हो एवढं घाबरलाय तुमी, पाव्हणं? हे बघा, आधी हितं सरका, माझ्या शेजारी. तितं पंख्याचं वारं थेट बाळाच्या टाळूवर येतंय. हां, असं. ह्या बाकड्यावर नेमकं कुटं बसायचं ते मला सांगा की, म्हणजे मला ईचारा की— वारं कुटं लागतंय, डास कुटनं येतेत, कोणत्या खुर्चीवर कवा कुणाचं लेकरू वकलंय, समदं मला ठावं हाय. सिस्टर बाईंना बी एवढं ठावं न्हाय. आवंदा गड्डा जत्रा मला दिसली न्हाय, दिवाळी दिसली न्हाय, पण ह्यो दवाखाना मला तोंडपाठ हाय.

हिचं नाव? प्रियदर्शनी. नाव केवढं अन् पोरगी केवढी, नव्हं का? आमच्या आयनं ठेवलं. आमी मूळचे सांगोल्याकडचे, आय तितंच असती, तानाबाई म्हणत्यात तिला, शेरडं-मेंढरं हायती अजून. मी हितं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला हाय. आता आयचा स्वभाव असा— लेकराला सर्दी झाली की तिला तितं सांगोल्यात कळतं. फोन न करता कळतं! कसं कळतं ते मला ईचारू नका. चौथ्या आजाराला ती टेम्पोत बसून थेट दारात उतरली, अन् संगट शेळी. व्हय, शेळी, जिवंत शेळी. म्हणली, पोरीला दुसरं काय देऊ नका, शेळीचं दूध द्या, सिद्धा, तू त्याच्यावरच वाढलाईस. डॉक्टर म्हणले, वर्षाच्या आत अंगावरचंच पाजा, कसलंबी जनावराचं दूध न्हाय. आता आली का पंचाईत! आय म्हणती डॉक्टर कालचा पोरगा हाय, डॉक्टर म्हणत्यात आजींना समजवा, अन् मधी शेळी. ती बांधली गच्चीवर. आय गेली परत, शेळी र्‍हायली. अन् चार दिसानं शेळी खोकाय लागली, पाव्हणं! मी एका हातात पोरगी अन् दुसऱ्या हातात शेळीचं दावं असा रस्त्यानं चाललोय, आधी ह्या दवाखान्यात, मग गुरांच्या. गुरांच्या डॉक्टरनं लई मायेनं तपासलं, खरं सांगतो. शेळी दोन दिसात बरी झाली. पोरीला सात दिस लागले.

न्हाय, हिला काय झालंय ते सांगतो की मग. आधी तुमी ऐका, तुमाला पुढं कामाला येईल. अय, फायलीची दोरी तोंडात घालू नको गं. — घालू द्या, जाऊ द्या.

तर कसं झालं, सातवा का आठवा आजार. छातीत घरघर. डॉक्टरनी कानाला नळी लावली अन् सहज ईचारलं, घरात बाहेरनं कोण येतं-जातं? आता घरात हाय कोण? मी, माझी बायको सृष्टी अन् ही. सृष्टी घरातच. म्हणजे बाहेरनं येतं कोण? मीच की! डॉक्टर पुढं काय म्हणले ते मला ऐकूच आलं न्हाय. पुढं ते म्हणाले असतील की हात धुवा, गर्दीत नेऊ नका, असंच कायतरी. पण मी तितंच खुर्चीत बसल्या-बसल्या समजून चुकलो— म्हणजे हे समदं माझ्यामुळं. मागावर दिसभर कापसाचं तूस उडतं, ते केसात बसतं, मिशीत बसतं, कानात बसतं. नंदीश म्हणून माझ्याबरोबरचा माणूस हाय, तो तर संध्याकाळी म्हातारा दिसतो अन् सकाळी परत तरणा. ते समदं घेऊन मी घरी येणार अन् लेकराचा मुका घेणार! मीच आजार हाय की!

मग मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, कुणाला ईचारलं न्हाय, सांगितलं. सृष्टीला म्हणलं, मी आजपास्नं जिन्यावर. ती म्हणली, जिन्यावर काय? म्हणलं, र्‍हातो. ती हसली. तिला वाटलं दोन दिस र्‍हाईल. चाळीस दिस र्‍हायलो, पाव्हणं. चाळीस! आमची खोली वरच्या मजल्यावर, दारापुढं एवढीशी जागा, तितं चटई टाकली. पाळीवरनं आलं की खाली नळावर अंघोळ, कपडे बदलायचे, अन् चटईवर बसायचं. सृष्टी ताट उंबऱ्यावर ठेवणार, मी वढून घेणार. अन् पोरीला बघायचं म्हणजे? व्हिडिओ कॉल! दार मधी, ती दहा फुटांवर, अन् मी तिला मोबाइलवर बघतोय. आतनं तिचं बोबडं खरं ऐकू यायचं, अन् मागनं परत मोबाइलमधनं तेच. दोनदा ऐकू यायचं मला. लई गोड वाटायचं, एकाच्या जागी दोन.

हसू नका की. हसा, हसा, मी बी हसतो आता.

आता गंमत बघा. खाली घरमालकीण हाय, काशम्मा. अक्कलकोटकडची, कानडी बोलती, मराठी बी बोलती पण रागात आली की कानडीच. तिला वाटलं बायकोनं मला घराबाहेर काढलं. मी किती सांगितलं, अवो न्हाय, मी माझ्या मनानं बसलोय. ती म्हणती, समदे पुरुष असंच सांगतेत, लाज वाटती म्हणून. रोज ताटली भरून दहीभात आणायची, ‘ऊटा माडप्पा, जेव रे बाबा,’ म्हणून डोक्यावरनं हात फिरवायची. मी दोन-दोन जेवणं जेवायलो. चाळीस दिसात पाच किलो वाढलो! अन् जेवून झालं की ती दार वाजवायची अन् सृष्टीला ऐकवायची, असा गरीब नवरा, कापसासारखा, अन् तू त्याला जिन्यावर ठेवतीस? मग गल्लीतल्या चार शान्या माणसांनी बैठक घेतली. आमच्यासाठी! गच्चीवर, शेळीपुढं. मला म्हणले तू माफी माग, तिला म्हणले तू माग. कशाची ते कुणालाच ठावं न्हाय. शेवटी मी म्हणलं, माझं चुकलं. ती म्हणली, माझं बी चुकलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, अन् मी परत जिन्यावर येऊन बसलो. काशम्मानं कपाळावर हात मारला.

तुमी ईचारणारच, मग पोरगी बरी र्‍हायली का? तर तेच तर सांगतोय! मी भाईर असून बी ती दोनदा आजारी पडली. एकदा जुलाब, एकदा कान. साध्या माणसाला कळलं असतं की, बाबा, ह्याच्यामुळं न्हाय. मला काय वाटलं? वाटलं, जिना अजून जवळ हाय. गच्चीवर जावं. शेळीपाशी. — व्हय, गेलो असतो. चटई गुंडाळून ठेवलीवती.

अन् त्याच दिवशी ते झालं.

दुपारची येळ. पयली पाळी संपवून आलो, सायकल लावली, अजून अंघोळ केली नव्हती. केसात कापूस, अंगावर कापूस. वरनं सृष्टी वरडली. माझं नाव घेऊन वरडली, आमच्यात बायका नाव घेत न्हाईत. मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत वर गेलो. दार सताड उघडं. चाळीस दिसांत पयल्यांदा एवढं उघडं. आत ही— हीच, ही आता दोरी चघळतीया ती— सृष्टीच्या मांडीवर ताठ. डोळे वर. हातपाय असे झटके देतेत. ताप डोक्यात गेला. सृष्टी म्हणती, घ्या, घ्या हिला, मी पाणी आणते, घ्या की! अन् मी उंबऱ्यावर.

काय केलं? ते— कायतरी केलं असंल की मी. माणूस अशा येळी… न्हाय. सांगतो. मी म्हणलं, थांब, अंघोळ करून येतो.

असं बघू नका. व्हय. हेच म्हणलो. अन् गेलो की! खाली जाऊन नळ सोडला अन् अंघोळ केली. साबण लावला. दोनदा लावला, पाव्हणं. एकदा लावून धुतला, मग वाटलं कानामागं र्‍हायलं, परत लावला. डोक्यात एकच— स्वच्छ हो, स्वच्छ हो, मग घे तिला. अन् मी डोळ्यावरचा साबण पुसतोय तवर माझ्या शेजारनं काशम्मा अनवाणी पळत गेली, तिच्या मागनं सृष्टी, छातीशी पोरगी. रिक्षा थांबवली, बसल्या, गेल्या. मी तितंच. बादली भरून वाहतीया.

मागनं सायकल मारत आलो ह्याच दवाखान्यात. केसातनं पाणी गळतंय, बनियन उलटं. तवर झटका थांबलावता. डॉक्टर म्हणले, तापात असा झटका येतो काही लेकरांना, बघणाऱ्याचा जीव जातो पण लेकराचं सहसा वाईट होत न्हाय. कुशीवर झोपवायचं, तोंडात काय घालायचं न्हाय, अन् घेऊन यायचं. — तुमी बी ध्यानात ठेवा हे. लिहून घ्या पायजे तर. — मग मी त्यांना म्हणलं, साहेब, हे माझ्यामुळं नव्हं? त्यांनी चष्मा काढला. म्हणले, ह्या वयात वर्षाला आठ-दहा वेळा लेकरू आजारी पडतंच, समद्यांचं पडतं. म्हणलं, मग कुणामुळं? म्हणले, कुणामुळंच न्हाय.

कुणामुळंच न्हाय! आता सांगा, हे काय उत्तर झालं? मी चाळीस दिस जिन्यावर कशाला झोपलो मग? माझ्यामुळं असतं तर बरं होतं की, मी लांब गेलो की संपलं. मी सांगोल्याला गेलो असतो, कुर्डुवाडीला गेलो असतो. कुणामुळंच न्हाय म्हणल्यावर माणसानं जायचं कुटं?

सृष्टी आठ दिस बोलली न्हाय. नवव्या दिवशी बोलली, ते एवढंच बोलली— चटई आत आणा. आणली. पण पोरगी मला वळखंना! मी घेतलं की रडायची, अशी रडायची की काशम्मा खालनं भांडं वाजवायची. अन् मी जिन्यात जाऊन व्हिडिओ कॉल लावला की खदाखदा हसायची. तिच्या लेखी बाप म्हणजे एवढासा, चौकोनी, हातात मावणारा. ह्यो मोठा, मिशावाला माणूस कोण? मग मी काय करायचो, मोबाइल तोंडापुढं धरून तिच्या जवळ जायचो, अन् हळूहळू मोबाइल खाली घ्यायचा. रोज एक-एक बोट खाली. पंधरा दिस लागले नाक दिसाय.

आता मुद्द्याचं. तुमी कवाचं ईचारताय, हिला काय झालंय. — तर, काय न्हाय.

म्हणजे काय झालंच न्हाय! सव्वीस दिस झाले, पाव्हणं, शिंक न्हाय, खोकला न्हाय, नाक कोरडं, शी घट्ट. सव्वीस दिस! असं कधी झालंय का? मला झोप न्हाय. माणसाला भ्या वाटणार का न्हाय? अन् सृष्टी आज कामाला गेली. टॉवेलची शिलाई करायची ती आधी, आजपास्नं परत लागली. मला आज सुट्टी, म्हणून मी घरी. जाताना दारात उभी र्‍हायली, चप्पल घातली, काढली, परत घातली. म्हणली, सांभाळाल नव्हं? म्हणलं, म्हणजे काय! नऊला ती गेली. मी हिच्यापुढं बसलो, ही माझ्याकडं बघतीया, मी हिच्याकडं बघतोय. हिनं एकदा जांभई दिली. सव्वानऊला आमी रिक्षात.

सांगू नका कुणाला. सृष्टीला तुमी वळखत न्हाय, तरी बी सांगू नका.

काय, सिस्टर? व्हय, प्रियदर्शनी आमचीच. काय होतंय? तर… म्हणजे बघा… काय होतंय म्हणून काय लिवायचं? लिवा की— लिवा— न्हाय, ताप न्हाय. न्हाय, खोकला बी न्हाय. खाती की चांगलं. मग कशाला आलोय? त्याचं असं हाय, सिस्टर—

…

पाव्हणं. अवो पाव्हणं, जरा बघा हो हिकडं. हिचं तोंड माझ्या पोटाकडं हाय, मला दिसंना. डोळे मिटलेत का हिनं? नीट मिटलेत? नुसतीच पडली न्हाय नव्हं? दोरी सुटली तोंडातनं… झोपली? माझ्या मांडीवर? — ह्या आधी कधी… न्हाय. न्हाय झोपली कधी.

सिस्टर, ह्यांना सोडा आधी. ह्यांच्या लेकराला ताप हाय. आमाला काय झालं न्हाय, आमी बसतो. जावा पाव्हणं, उठा, घाबरू नका, जावा की आता. मी उठत न्हाय, पाय बी हलवत न्हाय.

अन् दार हळू लावा.