चुळीचं पाणी

लातूर जिल्हा झाला, पण नळ कोरडेच. दातांच्या दवाखान्यात चुळीचं पाणी ज्याचं त्यानं घरून आणायचं. दाढ काढायला आलेली कोंडाबाई भीतीनं दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली होती. भरला तांब्या मांडीवर धरून ती पडद्याआडचं बोलणं ऐकत होती. आत पंचफुला लेकीला घेऊन गेली होती.

"डाक्टर, दाताला तार बांधल्यापासून पोरीचा ओठ लई खाजायलाय."

"जत्रेतल्या कुड्यांनी कान चिघळतात का हिचे?"

"हाव! लिंबाची काडी घातलीय कानात."

"दोन्हीत निकेल असतं. त्याचं वावडं आहे हिला."

"तार काढू नका, डाक्टर! दात सरळ व्हायलेत माझे."

"काढून दुसऱ्या धातूची बसवू, पोरी."

"अन् तुमच्या बोटांची सालपटं कशानं निघायलीत?" पंचफुलानं विचारलं.

"कवळ्या बनवायच्या औषधाचं मला वावडं. लगेच हात धुवावे लागतात. पण पाणी कुठंय?"

"घ्या! डाक्टर बी तसाच!"

पडदा सरकला.

"कोंडाबाई, या."

कोंडाबाईनं उठून तांब्या डॉक्टरांच्या हातात दिला.

"आधी हात धुवा. सगळं पाणी वापरा, लाजू नका. माझ्या दाढेचं पाऊस पडल्यावर बघू."