नकाबवाल्याचं शेवटचं पान

आमच्या दादाची लबाडी परवा पकडली बघा! लहानपणी लायब्ररीतून आणलेल्या काउबॉय कॉमिकचं शेवटचं पान फाटलेलं होतं, आणि नकाबवाल्या घोडेस्वाराचा चेहरा नेमका त्याच पानावर. दादा म्हणायचा, "फाटायच्या आधी मी वाचलंय. मोठा झालास की सांगेन."

आता माझी साठी उलटली. परवा अफझलगंजला जुन्या पुस्तकांच्या दुकानात तेच कॉमिक अख्खं सापडलं. तिथूनच फोन लावला, "दादा, आता तरी सांग."

तो म्हणाला, "मी तरी कुठं वाचलंय रे? तू मागेमागे फिरून विचारायचास, बरं वाटायचं."

मी हसत पान उलटणार, तेवढ्यात ओरडला, "उघडू नको! नल्लकुंट्याहून ऑटोत बसतोय."

दुकानदार विचारतो, "लेते क्या नै, साब?"

म्हटलं, "ठैरो मियां, बडे भाई आ रै."