डुगडुगणारं टेबल

डॉक्टरांना यायला उशीर होता. सिस्टरने बाकावरच्या दोघींपुढे, एक म्हातारी आणि एक पन्नाशीची, टेबलावर चहाच्या कपबशा ठेवल्या आणि ती कागद लावत बसली. कान मात्र तिकडेच.

"बाई, ओळखलंत? तुमच्या शिष्टाचाराच्या वर्गात होते मी. दुपारचा चहा कसा द्यायचा, ते शिकायला यायची."

"धांदरट! तुला कशी विसरेन? चमचा कपावर वाजला की अर्धा मार्क कापायची मी."

"मग माझे उरले तरी किती?"

"उणे तीन."

"आणि परीक्षेच्या दिवशी तर पाहुण्यांसमोर अख्खा कप सांडला. आता रडणार, तेवढ्यात तुमचाही सांडला."

"टेबल डुगडुगत होतं गं."

"तेव्हाही सगळ्यांना हेच सांगितलंत. पण पाहुणे गेल्यावर मी ते हलवून पाहिलं, बाई."

"मेली चौकस! घे, चहा निवतोय."

बाईंनी कप उचलला. हात थरथरला, बशी खडखडली आणि चहा टेबलभर झाला. समोरची माणसं टकमक बघू लागली. बाईंनी मान खाली घातली. तशी धांदरटने आपलाही कप कलता केला.

"अगंबाई! हे टेबलही डुगडुगतंय."

"काहीतरीच तुझं!"

"खरंच. विचारा सिस्टरना."

सिस्टर फडकं घेऊन आली.

"हो ना, सुताराला कधीचा निरोप धाडलाय," म्हणाली, आणि जमिनीत पक्कं बसवलेलं ते दगडी टेबल पुसू लागली.