आम्ही दोऱ्या काढल्या तो दिवस

माझं नाव सुमन, आम्ही परीट, म्हणजे धोबी. माहेर भांडुपचं, माझा बाप विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटसमोर इस्त्रीचं टेबल लावायचा, कामगारांच्या खाकी पॅन्टी नि साहेब लोकांचे शर्ट, दिवसभर उभा, पायाच्या शिरा अशा टरारून फुगलेल्या असायच्या त्याच्या. मला बोलायचा, सुमे, तुला मी नदीवर देणार, तिथं निदान वारा तरी लागेल. आणि दिलीच मला नदीवर. एकोणीस वर्षांची होते, बोरिवलीला या काठावर आले ती आलेच. आता सगळे हिला नाला बोलतात, बोलू देत, मी नदीच बोलते, डोंगरातनं येते ना ती, मग नदीच की.

मी आले तेव्हा कपडे नदीतच धुवायचे, दगडावर आपटून. पुढं पाणी बिघडलं, तबेल्यांचं शेण आलं, कसलं कसलं सांडपाणी आलं, मग नदीला भिंत घातली, आम्ही मागं सरकलो, टाक्या बांधल्या, नळाचं पाणी घेतलं. पण वाळवायला हा काठच. सोळा घरं आहोत आम्ही, सोळा घरांना मिळून हा एकच पट्टा. जागा आमची नाही हां, सरकारी आहे, आमची असं आम्ही कधी बोललोच नाही, एक खोपटं नाही बांधलं इथं. नुसते बांबू आणि दोऱ्या. ही दोरी बघा, दोन पदरी आहे, पीळ घातलेली, पीळ जरा उघडायचा, कपड्याचं टोक आत सारायचं, सोडून द्यायचं, बसलं घट्ट. चिमटा नाही काही नाही. खोलीत वाळवलेल्या कपड्याला कुबट वास येतो, दोनदा वास आला की आम्हाला कपडे देणारा लॉन्ड्रीवाला दुसरीकडं जातो. जागा गेली की धंदा गेला, एवढं सरळ आहे ते.

आता आधी आप्पांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल तुम्हाला. आप्पा म्हणजे माझे सासरे, गेले ते आता, माणूस फार कडक. माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, दोरीवर एक परकर होता, डाग पडलेला, धुऊनसुद्धा न गेलेला, आणि मी धाकट्या जावेला, कुसुमला, बोलले, अगं हा त्या अमक्या बाईंचा. आप्पांनी ऐकलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग बोलले ते एवढंच, पोरी, लोक आपल्याकडं कपडे नाही देत, घरातली गुपितं देतात, एकाचा कपडा दुसऱ्याला दाखवायचा नाही. म्हणून आमच्यात रीत आहे, बाहेरचा कोणी मोठा माणूस येणार असेल तर दोऱ्यांवरचे कपडे उतरवायचे. गिऱ्हाईक आलं तरी त्याला ओट्यापाशी बसवायचं, आत सोडायचं नाही. सोळाही घरं पाळतात, बापजाद्यांपासनं.

तर झालं काय, दिवाळीनंतर वॉर्ड ऑफिसातला माणूस सांगून गेला, उद्या नदीकाठाची पाहणी आहे, या जागेचं पुढं काय करायचं ते ठरणार आहे. मला काय वाटलं सांगू, मला वाटलं साहेब येणार, आपली जागा कशी चकाचक दिसली पाहिजे. मीच सगळ्यांना कामाला लावलं हो. मीच! पहाटेपासनं कपडे उतरवले, आणि नुसते कपडे नाही, दोऱ्यासुद्धा सोडल्या, साहेबांच्या डोक्याला लागतील म्हणून. बांबू उपटून भिंतीला आडवे लावले. झाडलं, सडा घातला, रांगोळी काढली. कुसुम बोलली, वहिनी, दोऱ्या तरी राहू द्या. मी बोलले, गप गं, तुला काय कळतंय.

आली एक पोरगी, शिकलेली, गोड बोलणारी, हातात मोबाईल. चहा दिला आम्ही तिला. तिनं इकडनं फोटो काढला, तिकडनं फोटो काढला, आणि मला बोलली, ताई, किती छान मोकळी जागा आहे हो. मला बाई एवढं कौतुक वाटलं! घरी जाऊन मालकांना सांगितलं, मॅडमना जागा आवडली. आमचे मालक कमरेनं गेलेत, बसून असतात.

महिनाभरानं शाळेच्या भिंतीवर नकाशा लागला. कुसुमच्या मुलीनं वाचून दाखवलं. नदीकाठाचा पट्टा, सध्याचा वापर, काही नाही, मोकळी जागा. पुढचा वापर, बाग आणि चालायचा ट्रॅक, नाहीतर पार्किंग. कोणाची हरकत असेल तर शाळेच्या हॉलमध्ये सुनावणीला या. आम्ही कुठंच नाही त्यात! एवढी वर्षं इथं पिळून पिळून हाताची सालं गेली, आणि कागदावर आम्ही नाहीच. कुसुम सगळ्यांदेखत मला बोलली, वहिनी, तुमच्या रांगोळीनं सोळा घरांची वाट लावली. खोटं काय बोलली? त्या दिवसापासनं तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. एका टाकीवर दोघी कपडे धुवायचो आणि शब्द नाही.

जेवण जाईना हो मला. मालक बोलायचे, सुमन, झालं ते झालं, दोन घास खा. पण घास फिरायचा तोंडात. दुसऱ्या कोणी घात केला असता तर त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या. स्वतःला किती घालणार?

सुनावणीला सोळा घरांतनं सगळे गेलो. हॉल भरलेला, समोर साहेब, मागं पडद्यावर तो फोटो, माझी रांगोळीसुद्धा दिसत होती त्यात, एवढीशी, कोपऱ्यात. चिठ्ठीवर नाव द्यायचं आणि नंबर आला की तीन मिनिटं बोलायचं. पलीकडच्या टॉवरमधल्या एक मॅडम उठल्या. वाईट नाहीत हो त्या. बोलल्या, म्हातारी माणसं रस्त्यावर चालतात, गाड्या अंगावर येतात, पोरांना खेळायला तसूभर जागा नाही. मला पटत होतं. पण पुढं बोलल्या, आणि तिथं वापर तरी कोणाचा आहे, हा फोटो बघा ना, कोणाचाच नाही.

आणि काय सांगू तुम्हाला, त्यांच्या अंगावर जी साडी होती ना, सुती, मोतिया रंगाची, ती माझ्या हातची. लॉन्ड्रीतनं येते, त्यामुळं त्यांना काय ठाऊक. खळ माझी, निऱ्यांपाशी एक डाग होता तो दोन उन्हं देऊन मी घालवलेला, याच काठावर. पदराच्या टोकाला आतनं निळ्या दोऱ्याचे तीन टाके, ती आमची खूण. कुसुमनं पण ओळखली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला कोपर मारलं आणि कानाशी बोलली, सांगा ना, पदर उलटा करून बघा म्हणावं. माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी इथं आलं होतं. पण चारशे माणसांत एका बाईला पदर उलटा करायला लावायचा? आप्पांनी वरनं थोबाडीत मारली असती मला. मी गिळलं ते.

माझा नंबर आला. माईक हातात घेतला. मी बोलले, साहेब, हा फोटो खरा आहे, पण ती जागा रिकामी नव्हती, मी रिकामी केली. तुम्ही येणार म्हणून. साहेब बोलले, म्हणजे काय? मी सगळं सांगितलं, कपडे का उतरवतो ते, आप्पांचं पण सांगितलं. ते बोलले, अहो, पण दोऱ्या का काढल्या? मी बोलले, तुमच्या डोक्याला लागू नयेत म्हणून, साहेब. सगळा हॉल हसला. साहेब नाही हसले. खाली बघून काहीतरी लिहिलं त्यांनी, आणि बोलले, पुन्हा पाहणी करू, पण या वेळी कळवणार नाही, कधीही येऊ, जे दिसेल ते लिहू.

बाहेर पडताना त्या मॅडम आल्या जवळ. बोलल्या, अहो, आमचे कपडे पण तुमच्याकडंच येतात का हो? मी बोलले, एवढे कपडे येतात, कुठं लक्षात राहतंय कोणाचे. कुसुमनं कपाळावर हात मारून घेतला. पण त्या दिवशी घरापर्यंत माझ्याबरोबर चालली ती, आणि शिव्या देत का होईना, बोलायला लागली.

त्याला झाले दोन महिने. रोज वाट बघतो. स्कूटर थांबली की धावत बाहेर येऊन बघतो. आता आम्ही दोऱ्या काढत नाही, सणाला नाही, सुतक आलं तेव्हा पण नाही. पण लोकांचे कपडे फोटोत जायचे, ते पण मनाला पटेना. मग मी सोळा घरं बसवली आणि बोलले, रस्त्याकडच्या दोन दोऱ्यांवर आपले कपडे लावायचे, आपले स्वतःचे, लोकांचे मागं. ते बघा, तो माझा लग्नातला शालू, ऊन खाऊन विटला पार, विटू दे. ते आप्पांचं धोतर. ती कुसुमची पोपटी साडी, रोज लावते आणि रोज बोलते, वहिनी, तुमच्यापायी माझ्या साडीची वाट लागली. आमची अब्रू आम्ही दोरीवर टांगली, लोकांची झाकली.

मघाशी तुम्ही वही घेऊन गल्लीतनं आलात ना, मला वाटलं तुम्हीच ते. कुसुम तर धावलीच मागं, अजून चार साड्या आणायला. तुम्ही बोललात मी त्या ऑफिसातला नाही, तेव्हा वाईट पण वाटलं आणि सुटल्यासारखं पण वाटलं. बाग होऊ दे हो, ट्रॅक पण होऊ दे, म्हाताऱ्या माणसांनी चालावं, आशीर्वाद देतील ती. त्यातच एका कडेला आमच्या दोऱ्या राहू देत, एवढंच. साहेब येतील तेव्हा येतील. तोवर तुमच्या वहीत तरी लिहा, आजची तारीख घाला आणि लिहा, मी आलो तेव्हा दोऱ्या भरलेल्या होत्या. आणि वाकून या इकडनं, सांभाळा, डोक्याला लागेल.